गेल्या वर्षाचा वारा

२ सप्टेंबर १९९१, सोमवार

वैशालीने मस्कतहून पाठवलेली ही डायरी जानेवारीपासून कपाटात पडून होती. इतका गुळगुळीत कागद, त्यावर दुधाचे खाडे लिहायला मन होईना. आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. मला काम मिळालं.

समोरच्या क्वार्टरमधले देवस्थळी सकाळीच आले. इथल्या पर्यटनाचं काम त्यांच्याकडे आहे. रत्नागिरीचा माणूस. चहा बशीत ओततो आणि बशीकडे बघूनच बोलतो.

"बाई, सत्तावीस तारखेला पर्यटन दिन. मुंबईचे, बडोद्याचे टूरवाले येताहेत, वरचे साहेब येताहेत. दुधनीला तलावाकाठी आदिवासी नाच ठेवायचाय. तेवढा तुम्ही बसवून द्या."

"मी? मी शाळेत इंग्रजी शिकवायचे हो."

"दुर्गा तुमची विद्यार्थिनी ना? तिचा सासरा भिका तारपा वाजवतो. आमचं कुणी गेलं की ते लोक गोड हसतात आणि पुढे काहीच होत नाही. तुमचं ऐकतील."

रघुनाथ पेपराआडून म्हणाले, "सत्तावीसला पितृपक्ष आहे, देवस्थळी." (डायरीत नवऱ्याचं नाव लिहायला हरकत नाही. तोंडाने आजवर घेतलेलं नाही.)

"सरकारला पितर नसतात, साहेब."

खरी गोष्ट देवस्थळींनी चपला घालताना सांगितली. दुधनीच्या तलावात पाहुण्यांसाठी होड्या सुरू व्हायच्यात. त्या एक तर गावच्या मंडळाला मिळतील, नाही तर वापीचा एक कंत्राटदार टपून बसलाच आहे. साहेब सत्तावीसला बघून ठरवणार. गावाला पाहुणे सांभाळता येतात असं दिसलं, तर होड्या गावाच्या.

मी लगेच हो म्हटलं. अडुसष्ट साली आम्ही सिल्वासात आलो तेव्हा पावसाळा सरला की दमणगंगेच्या पलीकडून तारप्याचा आवाज यायचा. भोपळ्याचं आणि बांबूच्या नळ्यांचं ते लांबलचक वाद्य. वाजवणारा श्वास तोडतच नाही. छोटी वैशाली विचारायची, आई, ते रडतंय की हसतंय? आता त्या बाजूने कारखान्याचा भोंगा येतो. तो काय करतो ते कुणी विचारत नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिनी शिक्षिका स्वतःच एसटीने दुधनीला विद्यार्थिनीकडे गेली. खानवेलच्या पुढे रस्ता असा हिरवा की मी माझी छत्री बसमध्येच विसरले.

दुर्गा धावत आली. आठवीत 'she' आणि 'he' मध्ये कायम गोंधळायची. आता दोन लेकरांची आई झाली आहे. घर टेकडावर, कुडाच्या भिंतींचं, खाली तलाव. तिने पाण्यात बोट दाखवलं. "बाई, ते वाळलेलं टोक दिसतं ना? ते आमचं आंब्याचं झाड. त्याच्या बाजूला आमचं खळं होतं." धरण झालं आणि खळं, शेत, आंबा सगळं खाली गेलं. वरचा एक तुकडा तेवढा उरला. नवरा नथू खडोलीच्या धाग्याच्या कारखान्यात जातो, तिथेच चौघांत एक खोली घेऊन राहतो. सुट्टी मिळाली तर घरी.

"होड्या आल्या तर नथू घरी येईल, बाई," ती एवढंच म्हणाली आणि चुलीकडे वळली.

भिकाभाऊ ओट्यावर जाळं शिवत होते. वारली माणसं कुणालाही अहोजाहो करत नाहीत. मला तेवीस वर्षांत त्याची इतकी सवय झाली आहे की कुणी 'तुम्ही' म्हटलं की परकं वाटतं.

"सत्तावीसला नाच करायचा, भिकाभाऊ."

"नाचू ना. का नाय नाचणार?"

"आणि तारपा?"

ते हसले. "तारपा झोपलाय, बाई." वर आढ्याला फडक्यात गुंडाळलेला तारपा टांगला होता. मग त्यांना खोकला आला, बराच वेळ चालला. मी म्हटलं, विडी सोडा आता. म्हणाले, "दोन पावसाळे झाले सोडून." माणसं विडी लपून ओढतात हे मला ठाऊक आहे. पर्समधल्या खोकल्याच्या गोळ्या दिल्या. त्यांनी एक खाल्ली, बाकीच्या नातवंडांना वाटल्या.

एकूण काम सोपं आहे. उगाच देवस्थळी घाबरवतात.

१० सप्टेंबर, मंगळवार

पहिली तालीम. फजिती.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना गॅदरिंग बसवायच्या. त्यांचा एकच नियम: पाहुण्यांना पाठ दाखवायची नाही. छडी खडूच्या रेघेवर आपटत त्या आम्हाला अर्धगोलात उभ्या करायच्या. मीही आज तेच केलं. खुर्च्या पूर्वेला येणार म्हणून सगळ्यांना पूर्वेकडे तोंड करून अर्धगोलात उभं केलं. कमरेत हात घालून ती सगळी शहाण्या मुलांसारखी उभी राहिली. दोन पावलं टाकली आणि अर्धगोलाचा आपोआप गोल झाला. पुन्हा उभं केलं, पुन्हा गोल.

शेवटी भिकाभाऊंची थोरली बहीण केसरबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, तारप्याला पाठ करायची नाय. तो मधी चालतो. आमचं तोंड त्याच्याकडे. पाहुण्याकडे कशाला?"

"पण पाहुणे बघायला येतात ना!"

"मग त्यांनी फिरावं."

सगळे असे हसले की मीही हसले. सिस्टर, माफ करा. मी देवस्थळींना सांगणार आहे की खुर्च्या गोल मांडा. प्रत्येकाला अर्धा वेळ पाठ, अर्धा वेळ तोंड. साहेबांनासुद्धा.

तारपा आजही खाली काढला नाही. भिकाभाऊ तोंडानेच 'फाँऽऽ फाँऽऽ' करत मधे उभे राहिले आणि थोड्या वेळाने बसले. वाद्य जपून ठेवत असतील.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

काल गणपती बसले. उकडीचे मोदक फाटले. वाफेत एक कळी उरली नाही. रघुनाथ म्हणाले, "चव पोटात गेल्यावर आकार कोण बघतो." चांगला माणूस आहे.

आज नथू आमच्याकडे आला. कारखान्याची सुट्टी होती. मोदक खाल्ले, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बाई, एक प्रॉब्लेम हाय. बा वाजवणार नाय."

"का? ते तर नाचू म्हणाले."

"नाचू म्हनला. वाजवू म्हनला काय? नवं भात कापून कणसरीला दाखवल्याबिगर तारपा खाली काढत नाय. मोठा नेम हाय तो. लवकर येणारं हळवं भात पण दसऱ्याच्या पुढे-मागे तयार होईल. सत्तावीसला कुठून?"

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. तिने नवं अन्न खायच्या आधी तारपा फुंकायचा नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? 'तारपा झोपलाय.' मला वाटलं, गंमत करताहेत.

"तू सांग ना त्यांना."

"मी? मी सांगितलं तर म्हनेल, तू फुंक. लहानपणी शिकव म्हनायचा, मी पळायचो. फुंकत बसून पोट भरतं का, बाई? आता कारखान्यात बॉबीन मोजून तरी कुठं भरतंय. धाग्याच्या धुळीत झोपतो. तलाव आमच्या शेतावर उभा, न् त्यात होड्या वापीच्या सेठच्या चालणार? मी त्याच्या हाताखाली वल्हं मारू?" त्याचा आवाज चढला. मग एकदम म्हणाला, "मोदक मस्त होते." फाटके होते, हे त्याने पाहिलंच असणार.

१५ सप्टेंबर, रविवार

आजचा पराक्रम कुणाला सांगण्यासारखा नाही, म्हणून इथे.

काल रघुनाथांना घेऊन वापीच्या बाजारात गेले. दुकानदाराला सतरा वेळा विचारलं, नवा तांदूळ आहे ना? या हंगामातला? तो गुजरातीत शपथेवर म्हणाला, एकदम ताजा, बेन, आंध्रात वर्षातून दोनदा पिकतो. पिशवी भरून घेतली. आज दुधनीला जाऊन भिकाभाऊंसमोर ठेवली. "हे बघा नवं भात. कणसरीला दाखवा आणि वाजवा!"

केसरबाईने तांदूळ मुठीत घेऊन हुंगला. भिकाभाऊंनी पिशवीच्या तोंडाशी हात जोडले, ते मला बरं वाटलं. मग सावकाश म्हणाले, "चांगला हाय, बाई. शिजवू. पण याला कणसरी वळखत नाय. हा तिच्या अंगणातला नाय."

"तांदूळ तो तांदूळच ना, भिकाभाऊ?"

"तुझी वैशाली दूर हाय ना? तिकडनं दुसरीच कोणी पोर आली न् 'आई, मी आले' म्हनली, तर?"

जेवायला थांबवलं. माझाच तांदूळ, त्यांची तलावातली मासळी. भात थोडा चिकट झाला होता. दुर्गा जेवली नाही. तिने नथूसाठी ताट झाकून ठेवलं होतं. आज तो येणार होता, आला नाही.

१७ सप्टेंबर, मंगळवार

देवस्थळींकडे गेले. तारीख पुढे ढकलता येईल का विचारलं.

"बाई, टूरवाल्यांची तिकिटं निघालीत, साहेबांचा दौरा छापलाय. कणसरीदेवींनाच थोडं अलीकडे यायला कळवा."

मी रागावले. त्यांनी बशी खाली ठेवली. "मलाही आवडत नाही, बाई. पण कंत्राटदार रोज ऑफिसात येऊन बसतो. माझ्याकडे दाखवायला काहीतरी हवं." पहिल्यांदाच ते माझ्याकडे बघून बोलले.

भिकाभाऊ हट्टी नाहीत. चिडलेही नाहीत. पण एका माणसाच्या नेमासाठी एका घरातला मुलगा परगावी राहणार? आणि नेम मोडला तर मी लहानपणापासून ज्या आवाजाची... छे, लहानपणी कुठे, तरुणपणी. तो आवाजच मग कुठल्याही गुरुवारी, कुणाच्याही सांगण्यावरून वाजेल. मला दोन्ही बाजू पटतात. शाळेत वादविवाद स्पर्धेत म्हणूनच मी नेहमी हरायचे.

२० सप्टेंबर, शुक्रवार



सकाळी दुर्गा भाजी घेऊन आली. मी मागच्या खोलीत कॅसेटी आवरत होते. गेल्या दिवाळीत आम्ही दुधनीचा नाच नुसता बघून परतलो होतो, तेव्हा भिकाभाऊंचा तारपा टेप केला होता, वैशालीच्या पॅनासॉनिकवर. ती कॅसेट सहज लावली. एक बाजू पूर्ण तारपा, आणि अगदी शेवटी माझाच आवाज: 'अहो, माझी चप्पल कुठे गेली?' दुर्गा दारात उभी राहिली. भाजीची टोपली डोक्यावर तशीच आणि पाय चालू. ती स्वतःही खाली बघत होती, जणू ते पाय दुसऱ्या कुणाचे आहेत.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

दुपारच्या बसने दुधनी. मी मनाची तयारी केली होती की भिकाभाऊ तो टेपरेकॉर्डरचा डबा तलावात फेकतील. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. चपलेपाशी हसले.

"हा कधीचा?"

"गेल्या दिवाळीचा."

"म्हंजे गेल्या वर्षाचं भात खाऊन फुंकलेला."

"हो."

"मग हा गेल्या वर्षाचा वारा हाय, बाई." पुन्हा थोडं ऐकलं. "तेव्हा किती लांब जायचा." मग मान हलवून म्हणाले, "जुनं भात आपण खातोच ना आता? कणगीतलं? त्याला कुठं बंदी हाय? जुना वारा पण चालेल."

केसरबाईला पटलं नाही. "डब्याला पोट नाय. जेवल्याबिगर वाजवतो, असला कसला?"

"मग जेवू घाल त्याला," भिकाभाऊ म्हणाले.

२३ सप्टेंबर, सोमवार

तालीम. पॅनासॉनिक खुर्चीवर ठेवून भोवती नाच केला. जमेना. खुर्ची चालत नाही आणि चालणाऱ्याकडे बघायची पायांना सवय. पुढचा घुंगरांची काठी आपटतो, पण वळायचं कधी ते कळत नाही. "हा मेला कुणाकडेच बघत नाय," केसरबाई म्हणाली.

"कोणीतरी उचलून चाला," भिकाभाऊंनी सांगितलं आणि बघितलं नथूकडे. त्याने सुपरवायझरशी भांडून सुट्टी काढली होती. नथूने कपाळाला हात लावला, "मी काय बँडवाला हाय?" तरी डबा छातीशी धरून मधे उभा राहिला. बापासारखाच किंचित वाकून चालायला लागला. रांग त्याच्यामागे अशी वळली, जणू तो जन्मभर हेच करतोय.

२८ सप्टेंबर, शनिवार

कालचं सगळं लिहायला आज वेळ मिळाला. काल घरी आल्यावर पाय गरम पाण्यात घालून नुसती हसत बसले होते.

खुर्च्या गोल मांडल्या होत्या. साहेब गृहस्थ निघाले. पाठ बघायला मिळणार म्हटल्यावर म्हणाले, ऑफिसात रोज तोंडंच बघतो. मुंबईच्या टूरवाल्या बाई गॉगल डोक्यावर चढवून बसल्या. वापीचा कंत्राटदारही आला होता, पांढऱ्या सफारीत. भिकाभाऊ उंबराच्या झाडाला टेकून जमिनीवर बसले, खुर्ची नको म्हणाले.

सुरुवातीलाच वीज गेली. लांबलचक वायर, तालुक्याहून आणलेला माणूस, सगळं फुकट. मी शांतपणे म्हटलं, सेल आहेत. सेल होते, पण मागच्या वर्षीचे. नवे मी घरी जेवणाच्या टेबलावर ठेवून आले होते, विसरू नये म्हणून. जुने सेल उन्हात तापवून घातले.

केसरबाईने पॅनासॉनिकसमोर दिवा लावला आणि कणगीतल्या जुन्या तांदळाचे चार दाणे त्याच्या जाळीवर सोडले. "घे, जेव." टूरवाल्या बाईंनी फोटो काढला.

मग नथू मधे उभा राहिला आणि तारपा सुरू झाला. काय सांगू. तलाव, त्यात बुडालेलं आंब्याचं टोक, आणि तोच आवाज. पाय धूळ उडवत होते, कमरेतले हात सुटत नव्हते, दुर्गाच्या केसांतली फुलं गळत होती. कंत्राटदारसुद्धा बोटाने गुडघ्यावर ठेका धरायला लागला.

मध्यावर सेल दमले.

आवाज जड झाला. तारपा म्हातारा व्हायला लागला. पण नाचणाऱ्यांना काय? तारपा जसा, तसे पाय. तो हळू झाला, तेही हळू झाले. नथूने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पावलं त्या आवाजाबरोबर लांबवली. सगळी साखळी गुडघाभर चिखलात चालावी तशी चालायला लागली. एक पाऊल उचललं की हवेत राहायचं. कुणी हसलं नाही, कुणी हात सोडला नाही. मी भिकाभाऊंकडे पाहिलं. ते तोंड उघडं ठेवून, खांदे वर-खाली करत, आवाजाबरोबर श्वास घेत होते. किती रंगून गेले होते!

आणि मग, विहिरीच्या तळातून राक्षस बोलावा तसा माझा आवाज आला: 'अऽऽहोऽऽ... माऽऽझीऽऽ चऽऽप्पऽऽलऽऽ...'

डबा बंद पडला. साखळी तशीच उभी. आणि टाळ्या, उभं राहून टाळ्या! टूरवाल्या बाईंनी देवस्थळींना इंग्रजीत विचारलं, शेवटचा तो खर्जातला मंत्र कसला? देवस्थळींनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, "ती प्रार्थना आहे. हरवलेलं सापडावं म्हणून."

रघुनाथ उंबरामागे जाऊन हसले. परत आले तेव्हा डोळे पुसत होते.

साहेबांनी एकच प्रश्न विचारला, होड्या कोण हाकणार? नथू पुढे आला. डबा अजून छातीशी होता. "आम्ही. पाण्याच्या खाली काय काय हाय ते आम्हालाच ठावं. कुठं झाड हाय, कुठं भिंत. बाहेरचा मानूस होडी फाडेल." साहेबांनी कंत्राटदाराकडे पाहिलं. कंत्राटदार पाण्याकडे बघत होता.

निघताना भिकाभाऊ मुलाला म्हणाले, "पाय बराबर पडत होते तुझे." नथू खाली बसून वायर गुंडाळायला लागला. मला वाटतं, तो थकला होता.

७ ऑक्टोबर, सोमवार

होड्या गावाला! तूर्त एका वर्षासाठी, पण मिळाल्या. देवस्थळी पेढे घेऊन आले, अमावस्येला.

अट मात्र आहे. दर शनिवारी पाहुण्यांना नाच. बारा महिने. मी कळवायला गेले तेव्हा मला वाटलं, आता खरं भांडण होणार. भिकाभाऊंनी विचारलं, "उन्हाळ्यात पण?"

"हो."

"उन्हाळ्यात डबा. नवं भात आलं की तारपा. सायबाला सांग, आंबा पण बारा महिने नाय लागत."

देवस्थळींनी कुरकुर न करता मान्य केलं. म्हणाले, पाहुण्यांना तर डबाच जास्त आवडलाय. ते ऐकून मला बरं वाटलं नाही. का, ते सांगता येत नाही. रघुनाथ म्हणाले, "तू पूल बांधलास. आता त्यावरून कोण कोण जातं ते तुझ्या हातात नाही." सगळी हयात बांधकाम खात्यात काढली, उपमा दुसरी कुठली सुचणार?

नथूने खडोलीची खोली सोडली.

९ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. वैशालीचा फोन आला, तीन मिनिटांत दोन मिनिटं 'ऐकू येतंय का' यात गेली.

आज दुधनीला. पाहुण्यांसाठी नाही, गावचा नाच. नवं भात कापून झालंय, कणसरी जेवली, तारपा खाली आलाय. केसरबाईने मला कमरेत हात घालून रांगेत ओढलं. एक फेरी झाली आणि गुडघ्याने नाही म्हटलं. मग मी उंबराखाली पॅनासॉनिक मांडीवर घेऊन बसले. नवे सेल, दोनदा तपासलेले.

"लाव तुझा डबा," भिकाभाऊंनी सांगितलं. "पुढल्या भादव्याला लागेल."

ते वाजवायला लागले आणि लगेच थांबले. मला वाटलं, नळीत काही अडकलं. त्यांनी तारपा नथूच्या हातात दिला. दसऱ्याला तारपा खाली आल्यापासून तो म्हणे रोज होडी बांधून झाली की बापाजवळ बसून फुंकायचा. दुर्गा म्हणाली, शेळ्या पळून जायच्या.

नथूचा तारपा अजून कच्चा आहे. मधेच फाटतो, मधेच धावतो. पण रांग त्याच्यामागे जशी सप्टेंबरात त्या मरगळलेल्या डब्यामागे गेली, तशीच आज गेली. तो अडखळला की सगळे अडखळायचे, सावरला की सगळे सावरायचे. चूक कुणाची ते बाहेरच्याला कळूच नये असं.

भिकाभाऊ माझ्या शेजारी येऊन बसले. बहुतेक त्यांना आयतं बसून बघायची हौस होती. इतकी वर्षं मधे उभं राहून नाच कधी दिसला असेल? डोळे मिटून बसले, पायाची बोटं तेवढी हलत होती.

"पूर्ण वाजवायचा होता ना तुम्हीच," मी म्हटलं. "कॅसेटवर दोन्ही वर्षं तुम्हीच राहिला असता."

"हाय ना मी," ते म्हणाले. "तू चालू ठेव."

शेवटपर्यंत चालू ठेवला. चप्पल आधीच पिशवीत घातली होती.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कॅसेट ऐकली. नथूचा तारपा छान आलाय, लांबून, घुंगरांसकट. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत जवळच कसली तरी घरघर आहे. येते, जाते, येते. तारप्यापेक्षाही मोठी. गेल्या वर्षीच्या कॅसेटवर नाही.

रघुनाथांना ऐकवलं. म्हटलं, टेपचं हेड खराब झालंय वाटतं. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "राहू दे ते."

मला कुठे राहवतंय. कापसाला स्पिरिट लावून हेड पुसलं. मग जाळी उघडली, तर आत केसरबाईने वाहिलेला तांदळाचा दाणा! म्हटलं, सापडला चोर. दाणा काढून पुन्हा लावली.

घरघर तशीच.

दाणा परत आत टाकला आणि जाळी बसवली. असू दे. मशीनलाही वय होतंच.